ओमला आणायला कल्याणला

ओतूरहून कल्याणची एसटी सकाळी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत झबली, टोपडी आणि मऊ दुपटी होती. माझी धाकटी बहीण सुजाता बाळंतपणात गेली. तिचा चार महिन्यांचा ओम आता माझ्याकडे वाढणार, असं दोन्ही घरांत ठरलं होतं. मला मूल नाही. बहिणीच्या दुःखातही त्या पोराची ओढ लागली होती आणि त्या ओढीची मला लाज वाटत होती.

माळशेज घाटातलं गवत वाळून पिवळं पडलेलं. मुरबाडला खाल्लेला वडा बेचव होता की माझ्याच तोंडाची चव गेली होती, कोण जाणे. कल्याणला उतरून रिक्षा केली. विठ्ठलवाडीला नेताना रिक्षावाल्याने एकाच चौकाचं दोनदा दर्शन घडवलं. नवख्या माणसाला शहर दाखवल्याचं पुण्य त्याला लाभो.

सुजाताचा नवरा महेश दारातच उभा होता, दाढी वाढलेली. आत ओम रडून लाल झालेला. मी त्याचा डायपर काढला. जांघा लालबुंद, एका जागी सालच निघालेली, आणि त्यावर पावडरीचे ओले गोळे.

"दर वेळी भरपूर पावडर लावतो, ताई. तरी वाढतंच आहे," तो म्हणाला.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सगळं ऐकून घेतलं. "पावडर बंद करा आधी. झिंकवाली क्रीम देतो. कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपा. पूर्ण सुकलं की जाड थर लावा. डायपर ओला राहू देऊ नका. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरकडे न्या."

शेजारच्या आगरी काकू डोकावल्या. "पोऱ्याला (मुलाला) जरा उघरा ठेव, बाय. हवा लागूं दे."

अशा बाळाला घाटातून नेणं शक्य नव्हतं. मी मुक्काम वाढवला.

"नेईपर्यंत तरी मीच लावतो. शिकवा ना," महेश म्हणाला. पहिल्या वेळी त्याने ओमच्या पोटालाही क्रीम थापली. आम्ही हसलो आणि हसता हसता तो रडायला लागला. "सुजूने त्याला एकदाच घेतलं, ताई."

हळूहळू त्याचा हात बसला. धुणं, टिपणं, थोडा वेळ उघडं ठेवणं, मग क्रीम. लाली उतरली. ओम माझ्या मांडीवर टकमक बघायचा, पण बापाचा आवाज आला की मान तिकडे वळायची. ते मला दिसत होतं आणि सोसत नव्हतं.

निघायच्या सकाळी महेश क्रीम लावताना मान वर न करता म्हणाला, "ताई, ह्याला राहू द्याल का इथेच? दिवसा काकू बघतील. बाकीचं मी करेन ना आता."

नाही म्हणता आलं असतं. सगळी थोरली माणसं माझ्या बाजूची होती. ओमने बापाचं बोट घट्ट धरलं होतं.

"राहू दे," मी म्हणाले आणि झबली फळीवर काढून ठेवली.

घाट चढताना वाटलं, एवढ्या लांब जाऊन मी एका माणसाला बाप व्हायला शिकवलं आणि स्वतः आई व्हायची राहून गेले. वाईट वाटलं, खूप वाटलं. चुकलं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

ओतूरच्या स्टँडवर आमचे हे भर उन्हात छत्री उघडून उभे होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"बाळ बरं झालं," मी म्हणाले. "बापाकडेच राहिलं."

घरी आल्यावर ते ओमसाठी टांगलेल्या पाळण्याच्या दोऱ्या सोडायला स्टुलावर चढले.

"आज नको," मी म्हणाले.