आधी ठोक, मग ऐक

हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि डोल्मावहिनीने मला विचारलं, "तुमच्या घरामागचा पाँड गोठला का?" मी हो म्हटलं. "मग लेकीला, इराला त्यावर एकटी सोडू नकोस. आधी ठोक, मग ऐक." दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्राइव्हवे साफ करत होते, तेव्हा दादाचा फोन आला... वहिनी गेली होती. आता काही आठवडे झाले, पण तिचं ते वाक्य काही केल्या माझ्या मानगुटीवरून उतरत नाही.

दादा लेहला डॉक्टर असताना वहिनी तिथल्याच इस्पितळात नर्स होती. माहेर झांस्करचं. हिमालयातलं इतकं उंच, आडबाजूचं खोरं, की खिंडी बर्फाने बंद झाल्या म्हणजे बाहेर पडायला एकच वाट उरायची, गोठलेली नदी. राजे आले-गेले, फौजा आल्या-गेल्या, पण हिवाळ्यात हुकूम नदीचाच, असं ती म्हणायची. माणसं नदीवरून लोणी विकायला लेहला जायची, मुलांना शाळेत पोचवायची. दोन्हीकडे उभे कडे आणि पुढे काठी आपटत चालणारा एक जाणता माणूस. आवाज भरीव आला तर पाऊल टाकायचं, पोकळ आला तर थांबायचं.

दादाबरोबर इथे कॅनडात, किचनरला आल्यावरही तिची सवय सुटली नाही. सगळी गल्ली आमच्या घरामागच्या तळ्यावर स्केटिंग करायची आणि ही बाई काठी आपटत उभी. "वहिनी, हे काय झांस्कर आहे का?" मी चिडवायचे. एकदा ती हसली नाही, तिने सांगितलं. लहानपणी शाळेला निघाली असताना तिच्यामागून चालणारा चुलतभाऊ बर्फ फुटून आत गेला, तो वर आलाच नाही. पोरं हंबरडा फोडणार, तोच तिचे वडील हळूच म्हणाले, "रडू नका. बर्फ ऐकू येत नाही." पुढची सगळी वाट ती तोंडात मफलर कोंबून चालली... तेव्हापासून मला त्या तळ्याची जी भीती बसली, ती बसलीच.

वहिनीची काठी दादाने मला दिली. ती दाराशी, स्नो बुटांच्या शेजारी असते. गेल्या रविवारी इराने स्केट्स काढले. दोनच दिवस आधी पाऊस होऊन गेला होता. "मम्मा, इट्स मायनस टेन. इट्स फाइन." तिला काठावर थांबवून मी काठी घेऊन पुढे झाले. भरीव. आणखी थोडं पुढे, तरी भरीव. मग ओढा येऊन मिळतो तिथे रिकाम्या डब्यासारखा आवाज आला आणि मी थांबले. वळून पाहिलं तर इरा माझ्यामागे बर्फावर उभी.

"मामी यूज्ड टू डू दॅट," ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली, मामी गेल्यापासून पहिल्यांदाच. तिला पोटाशी धरावंसं वाटलं. पण काठ अजून लांब होता. मी काठी उचलली.

"रडू नकोस बाळा," मी म्हणाले. "ऐकू येत नाही."