पुस्तक मिटून सांग

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी शशिकलाबाई ओटीवर तिसरीतल्या तन्वीला वाचायला शिकवत होत्या. निवृत्त झाल्या, तरी वाडीतली अडखळणारी पोरं त्यांच्याकडेच यायची. झावळीचा हीर, पात्यातली ती बारीक काडी, ओळीखालून सरकवत आधी बाई वाक्य वाचायच्या, मागून पोर. पान संपलं की म्हणायच्या, "आता पुस्तक मिटून सांग. तुझ्या शब्दांत."

त्यांची मुलगी मंजिरी गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. "आई, डॉक्टर म्हणालेत, आजच दाखल व्हा."

"उद्या जाऊ. हिचं आत्ता कुठे सुरळीत होतंय."

मंजिरीने किल्ली परत खुंटीला अडकवली. दुसरा दिवस उजाडायच्या आत आई गेली.

आता तेरावं उरकलं आहे. दुपारी मंजिरी आईच्या खाटेवर आडवी होते. उशाशी आईचं पुस्तक, त्यात खुणेला तोच हीर. डोळा लागतो न लागतो तोच बाहेरून आवाज येतो, "थांबू नको, पुढे वाच."

ती उठून जाते. ओटी लांबच लांब झाली आहे. भिंतींवर शाळेतले काळे फळे, आणि बाकांवर मुलांच्या जागी सलाइनच्या बाटल्या शहाण्यासारख्या बसल्या आहेत. आई हीर घेऊन उभी आहे. पायांत दवाखान्यातल्या निळ्या सपाता.

"ये, मंजू. जेवलीस का?"

"डॉक्टर काय म्हणाले होते, ते सांग. तुझ्या शब्दांत."

आई हसते. "माझीच छडी मला?"

"सांग."

आई कोऱ्या फळ्यावर हीर फिरवते. "हृदय थकलंय. आज दाखल झालं तर निभावेल. उद्याचा भरवसा नाही." कुठेही अडखळत नाही.

"म्हणजे तुला कळलं होतं."

"न कळायला काय झालं? भीती वाटली गं. पोर समोर होती, तेवढं बरं वाटत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

"तू कधी विचारलंस मला? वाडीतल्या पोरापोराला विचारायचीस, काय कळलं म्हणून. मी घडाघडा वाचायचे, तर मला नुसतं 'शाब्बास' म्हणून पुढच्याकडे वळायचीस."

"तुला येत होतं, मंजू."

आई पुढच्या बाकाकडे वळते. मंजिरी तिच्या हातातला हीर धरते आणि ओढते.

खाट करकरते. ऊन पायांपर्यंत आलं आहे. पुस्तक उघडं पडलंय, हीर तिच्या मुठीत मधोमध मोडलाय, तळव्यावर लाल वळ.

ती उठून रिकाम्या ओटीवर येते.

"तुझा राग आलाय मला," ती मोठ्याने म्हणते. "मला येत नव्हतं, आई. मला अजून तू लागणार होतीस."