तूप घाल, वाद संपला न्हाई

त्या सकाळी ऑफिसात नेहमीचा वाद रंगला होता. आदल्या दिवशीच्या क्रिकेटच्या सामन्यात शेवटचं षटक कुणाला द्यायला हवं होतं, यावरून आमचे दोन सहकारी एकमेकांवर फायली उगारायच्या बेतात आले होते. मी सवयीप्रमाणे दोघांनाही मूर्ख ठरवून तिसरंच नाव पुढे करत होते. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. संतोष एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात कामाला आहे, कामाच्या वेळेत तो कधी फोन करत नाही. “आत्या, आप्पा गेले,” एवढंच म्हणाला. मी “बरं” म्हणाले. फोन ठेवला तरी ते दोघे भांडतच होते. मला त्यांचा असा काही राग आला की मी टेबलावर हात आपटला. राग त्यांचा नव्हता, हे नंतर रिक्षात बसल्यावर कळलं. ज्याच्याशी हा वाद घालायचा तो माणूस उरला नव्हता आणि हे दोघे खुशाल वाद घालत बसले होते.

आप्पा म्हणजे माझा एकुलता एक, थोरला भाऊ, संतोषचा बाप. वाटूरला आमची शेती, थोडी मोसंबीची बाग. तो गावातच राहिला, मी लग्न होऊन जालन्यात आले आणि ऑफिसात चिकटले. त्याच्या-माझ्या स्वभावात सारखी म्हणावी अशी एकच गोष्ट होती. कुठलाही खेळ असो, आम्ही तो शेवटपर्यंत बघायचो आणि मग त्यावरून भांडायचो. लग्नानंतरची माझी पहिली भाऊबीज मला लख्ख आठवते. आप्पा मोटारसायकलवर मोसंबीची पिशवी अडकवून आला होता. पाटावर बसला, मी ताट घेऊन समोर उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे, त्या वर्षातला सगळ्यात भारी सामना कोणता यावरून आमची जुंपली. ताट हातात तसंच. सासूबाई अवाक होऊन बघत होत्या. “अगं, आधी ओवाळ तरी त्याला!” असं त्यांनी दोनदा सांगून बघितलं. निरांजन मिणमिणायला लागलं तसा आप्पा त्यांनाच म्हणाला, “मावशी, जरा तूप घाला त्यात. वाद संपला न्हाई अजून.” आणि सासूबाईंनी, ज्यांचा मला तेव्हा भयंकर धाक होता, निमूटपणे तूप आणून घातलं.

तेव्हापासून ती आमच्या घरची रीतच होऊन बसली. भाऊबीजेला आप्पा पाटावर बसणार, मी निरांजन लावणार, दोघं आपापला सामना मांडणार. एकानं तोंडानं ‘मान्य’ म्हटल्याशिवाय ओवाळायचं नाही, आणि ते निरांजन विझायच्या आत म्हणायचं. वात खाली आली आणि वाद बाकी असला की ज्याला लढायचंय त्यानं ‘तूप घाल’ म्हणायचं. नियम मी केलेले, कारण नियमावर बोट ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. सामना त्याच वर्षातला हवा, या दिवाळीपासून त्या दिवाळीपर्यंतचा. शेवटपर्यंत बघितलेला हवा, मग तो टीव्हीवर असो की बांधावर उभं राहून. आणि आपण स्वतः खेळलेला सामना चालणार नाही. हा शेवटचा नियम मात्र आप्पानं घातला होता. मला तेव्हा हसू आलं होतं, कारण मी आयुष्यात लंगडीच्या पुढे काही खेळले नव्हते आणि त्याचं खेळणं तर माझ्या लहानपणीच सुटलं होतं.

मी बहुतेक मोठे सामने आणायची. परदेशातला टेनिसचा अंतिम सामना, बायकांचं क्रिकेट, हॉकी. आप्पा कुठून काय आणेल याचा नेम नसायचा. एका वर्षी त्यानं माझ्या टेनिसला हरवलं ते व्हॉलीबॉलनं. एमआयडीसीतल्या दोन लोखंडाच्या कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी खेळत होते. जाळी मधोमध फाटलेली, तिला कुणाचा तरी गमछा बांधलेला. ऐन मोक्याला चेंडू शेजारच्या भिंतीपलीकडे गेला, तर दोन्ही संघ मिळून शोधायला गेले आणि परत येऊन जिथं सोडलं तिथूनच पुन्हा तावातावानं भांडायला लागले. “तुझ्या टेनिसवाल्यांनी धुंडला असता का चेंडू?” त्यानं विचारलं. मी तीन चमचे तूप घातलं, पण शेवटी मान्य करावंच लागलं. त्याचे सामने असे ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तो नेहमी हरणाऱ्याची बाजू घेऊन यायचा. मी चिडवायची, “तुला जिंकणाऱ्यांचं वावडं आहे का रे?” त्यावर तो म्हणायचा, “जितलेल्याचं काय बघायचं? हरून घरी गेला त्याला झोप लागली का, ते बघावं.” मला ते नुसतं बोलणं वाटायचं.

मागच्या वर्षी गोष्टी बिघडत गेल्या. आधी वहिनी फोनवर सांगायची, तेच तेच विचारतात, जेवले तरी जेवलो न्हाई म्हणतात. मग एकदा तो वाटूर फाट्यावर उभा सापडला. ज्या फाट्यावर त्याचं सगळं आयुष्य गेलं, तिथं घरचा रस्ता कोणता ते त्याला कळेना. डॉक्टरांनी मेंदूचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. मी ते ऐकून विसरले, मुद्दाम विसरले म्हटलं तरी चालेल. ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वीच्या खो-खोत कोण कुठल्या खांबाजवळ बाद झाला ते सांगता यायचं, त्याचंच असं व्हावं याचा मला नुसता संताप यायचा. देवाचा, डॉक्टरांचा आणि खरं सांगायचं तर आप्पाचाही.

मागच्या भाऊबीजेला तो आला तो संतोषच्या गाडीतून, मागच्या सीटवर बसून. वहिनी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, औंदा वाद नका घालू. ते जे म्हणतील त्याला हो म्हणा अन् ओवाळून टाका. लई दमून जातेत.” तिचं काय चुकलं? रात्रंदिवस तीच करत होती त्याचं. पण मला ते पटेना. न भांडता ‘मान्य’ म्हणायचं म्हणजे समोर आप्पा बसलेलाच नाही असं धरून चालायचं. लहान लेकराची समजूत काढावी तशी त्याची काढायची आणि वर त्याला ओवाळायचं... मी निरांजनात तूप नेहमीएवढंच घातलं.

मी माझा सामना मांडला, बॅडमिंटनचा. त्यानं मन लावून ऐकला. मग म्हणाला, “आता माझी म्याच ऐक. कबड्डीची. अंकुशनगरला झाली, कारखान्याच्या ग्राउंडवर.” मी म्हटलं, यंदा? “मंग! आपल्या गावाची टीम टेम्पोनं गेल्ती. शेवटची चढाई राह्यली हुती अन् दोन्ही टीमा बराबरीत. आपला पोरगा चढाईला गेला. एकाला हात लावला अन् परत आला. पंचानं शिट्टी मारली, पॉइंट दिला. गावानं त्याला खांद्यावर घेतला...” इथं तो थांबला. यंदा अंकुशनगरला कबड्डी झाली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. नियम जिभेवर आला होता. तेवढ्यात तो पुढे बोलायला लागला. “पण शिवायच्या आधीच त्याचा पाय भायेर पडल्ता. टाचेला रेघेची फक्की लागली हुती. पंचानं बघितलं न्हाई, कोणीच न्हाई. त्यालाच ठाऊक. खांद्यावरून खाली उतरला अन् सांगितलं, मी बाद हाय. एका पॉइंटानं गेलं सगळं.” आणि हे सांगता सांगता आप्पा पाटाच्या कडेवर आपली उजवी टाच घासत होता.

ती टाच मी आधी बघितली होती. मी फ्रॉकमधली पोर असताना एका संध्याकाळी आप्पा कुठूनसा एकटाच चालत घरी आला होता. टेम्पोतली बाकीची पोरं आधीच गावात पोचली होती. तो रांजणापाशी बसून कितीतरी वेळ एकच टाच दगडानं घासत राहिला होता. मी विचारलं तर म्हणाला, “चिखल हाय.” चिखल नव्हता, मला दिसत होतं. त्यानंतर गावातली पोरं त्याला बघून “आला, धर्मात्मा आला” म्हणायची. आमचे वडील किती दिवस त्याच्याशी नीट बोलले नाहीत. आप्पानं खेळणं सोडलं, आणि का सोडलं हा विषय घरात कुणी कधी काढला नाही. मला वाटायचं, शेतीमुळे. इतक्या भाऊबीजा आम्ही जगभरच्या सामन्यांवरून भांडलो, आणि हा एक सामना त्यानं स्वतःच घातलेल्या नियमाआड लपवून ठेवला होता. आता नियम त्याच्या डोक्यातून गेला होता आणि सामना तेवढा राहिला होता. तो त्याला कुणातरी परक्या पोराचा वाटत होता. यंदाचा.

“बोल,” आप्पा म्हणाला, “म्याच मान्य हाय का?” मी म्हटलं, गाव काय म्हणालं त्या पोराला? “गाव तर म्हणणारच. बापसुद्धा बोलला न्हाई त्याच्यासंगं.” मग तो माझ्याकडे बघत राहिला. इतके महिने कुठं हरवलेली असायची ती नजर त्या क्षणी अगदी जागेवर होती. “तू सांग, शकू. त्यानं बराबर केलं का? का गपचिप बसायचं होतं?” दारात उभी राहून वहिनी मला खुणावत होती, हो म्हणा, हो म्हणा. वात खाली आली. मी तूप घातलं. काय बोलावं? ‘मान्य’ म्हटलं तर वहिनीनं सांगितलेलं ‘हो’ आणि माझं ‘हो’ यातला फरक त्याला कसा कळणार? त्याला दयेचं जिंकणं कधीच चाललं नव्हतं. आणि ‘हा सामना यंदाचा नाही, तो पोरगा तूच आहेस’ म्हटलं तर त्या पाटावर बसलेल्या माणसाचं काय होईल याची मला भीती वाटली. मी पुन्हा तूप घातलं. “मंग पुढं काय झालं?” असं काहीतरी विचारलं, वेळ काढायला. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. “कोणाचं?” म्हणाला. “त्या पोराचं रे.” “कोणतं पोरगं?”... आणि जरा वेळानं, “चिवडा केला का तू?”

मी त्याला ओवाळलं. कुणीही ‘मान्य’ म्हटलेलं नसताना. आमच्या रीतीत असं कधी झालं नव्हतं. गाडीत बसताना त्यानं माझ्या हातात मोसंबीची पिशवी दिली आणि हसला, पण ते हसणं शेजाऱ्याला बघून हसावं तसं होतं. पुढे मी वाटूरला जाऊन यायची, जवळ बसायची. दोन-तीनदा अंकुशनगरचं नाव काढून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ती नजर पुन्हा जागेवर आली नाही, आणि यंदाच्या दिवाळीला थोडे दिवस उरले असताना न्यूमोनियाचं निमित्त होऊन आप्पा गेला.

दहाव्याला मी वहिनीला विचारलं, कबड्डीचं काही बोलला होता का तो कधी? “न्हाई, ताई. मी लगीन होऊन आल्ते तेव्हा त्यांचा खेळ सुटलेलाच हुता. का?” मी ‘काही नाही’ म्हटलं. म्हणजे हे आता मला एकटीला ठाऊक आहे. कधी कधी वाटतं, तेही खरं का? रांजणापाशी घासलेली टाच मी खरंच बघितली होती की त्याचं ऐकल्यावर माझ्या मनानं ती तिथं नेऊन ठेवली? विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं त्यानं मलाच विचारलं होतं, आणि मी चमच्यानं तूप घालत बसले. लोक समजूत घालतात की तो सुटला, त्याला काही कळत नव्हतं. मला ते ऐकवत नाही. निदान त्या एका दुपारी त्याला सगळं कळत होतं, आणि इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते तो विचारत होता.

यंदा घरात दिवाळी नव्हतीच. भाऊबीजेच्या संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारली. त्या आता खूप थकल्या आहेत, भिंतीला धरून चालतात. त्यांनी स्वतः ताट तयार केलं होतं. “ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात,” म्हणाल्या. “जा वर. तो लवकर मावळतो आज.” मला भाऊ नाही, हे वाक्य तोवर माझ्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. ताट घेतलं आणि गच्चीवर आले. ताटात निरांजनाशेजारी सासूबाईंनी तुपाची वाटी आणि चमचाही ठेवला होता.

एमआयडीसीकडच्या धुरात चंद्राची कोर होती, बारीक, लालसर, खाली टेकायला आलेली. शेजारच्या गच्चीवर कुणी नव्हतं. वर्षभर द्यायचं राहिलेलं उत्तर मी मोठ्यानं दिलं, वाटूरच्याच बोलीत, त्याला ऐकू जावं म्हणून. “आप्पा, पोरानं बराबर केलं. तुझी म्याच मान्य हाय. पण ती यंदाची न्हवती.” आणि थांबले. मी नियमावर बोट ठेवलं होतं आणि असं बोट ठेवलेलं आप्पानं आजवर एकदाही खपवून घेतलं नव्हतं. वात खाली येत होती. मी तुपाचा चमचा भरून हातात धरला आणि वाट बघत राहिले. तूप घाल, असं कुणी म्हणालं नाही.