बोरसे सरांचा फोन

बोरसे सरांना मी पाहण्याआधी ऐकलं. सुरतच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या मुलांना सर वीज कंपन्यांतल्या नोकरीसाठी तयार करत. पहिल्याच तासाला प्रयोगशाळेतला फोन वाजला. "लाइन बंद केली आहे, काम सुरू करा," असं पलीकडून कुणी सांगितलं. मी मुकाट्याने सरावाच्या तारेला हात घातला. शेजारच्या खोलीतला फोन खाली ठेवून सर आले आणि म्हणाले, "पाटीलबाई, तुम्ही वारलात."

वर्गात हशा पिकला. मी मात्र कानाला खडा लावला. मुलाखतीत काय बोलावं, हे सर दोन दिवसांत उरकत. तारेत वीज नाही याची खात्री टेस्टरची लांब काठी लावून स्वतः करायची, हे शिकवायला मात्र त्यांना वर्ष पुरत नसे. "कुणाच्याही शब्दावर जायचं नाही. माझ्यासुद्धा."

सर तोंडाने फटकळ. पण मला नोकरी लागली आणि माझ्या मापाचे सेफ्टी शूज कंपनीत मिळेनात, तेव्हा सरांनी भर उन्हात बाजार पालथा घातला. बूट घेऊन ते बमरोलीला आमच्या खोलीवर आले. मुलीने असली कामं करावीत हे माझ्या बाबांना पटत नव्हतं. सर त्यांना म्हणाले, "दुकानदार आता हे परत घेत नाही हो."

गेल्या वर्षीची गोष्ट. पांडेसऱ्यात भर दुपारी मी आणि लाइनमन सुकदेवभाऊ खांबाखाली सबस्टेशनच्या परवानगीची वाट पाहत होतो. माझा मोबाइल वाजला. सरांचं नाव दिसलं.

"पाटीलबाई, लाइन बंद आहे. माणूस चढवा."

फोन कट झाला. सरांचा आमच्या लाइनशी काय संबंध, हे मला सुचलंच नाही, इतकी त्या आवाजाची सवय. सुकदेवभाऊंनी पट्टा कसला. "सायेबनी सांगं ना, ताई? मंग मी चढस."

'चढा' असं म्हणणार, तोच माझा हात सवयीने काठीकडे गेला. काठी तारेजवळ नेताच टेस्टर कर्कश वाजू लागला. लाइन चालू होती. सुकदेवभाऊ मटकन खाली बसले.

संध्याकाळी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. दुपारी ते वर्गात शिकवत होते, फोन टेबलाच्या खणात होता. त्यांच्या फोनमध्ये तो कॉल नाही. माझ्या फोनमध्ये अजून आहे, आणि तो पाहिला की अंगावर काटा येतो.

सरांनी माझा फोन हातात घेऊन तो कॉल पाहिला. मग म्हणाले, "सुकदेवभाऊ?"

"घरी पोचले. आताच बोलले मी त्यांच्याशी."

"आणि आवाज माझाच?"

"तुमचाच, सर. पण फार थकलेला. नव्वदीतल्या माणसासारखा."

सरांना हसू आलं. "म्हणजे अजून तीस वर्षं परीक्षा घेतोय म्हणायचं मी!"

आज सर साठी पूर्ण करत आहेत. सर, ती तीसही वर्षं तुम्हाला धडधाकट मिळोत. फोन करत राहा. आम्ही तुमचं ऐकणार नाही.