बठ्ठा उजेड

अमळनेरजवळच्या एका खेड्यात झुंबरबाईच्या देव्हाऱ्यात वर्तमानपत्राचं कात्रण खोचलेलं असे. तिला वाचता येत नव्हतं. पण त्यात तिच्या वैजूचा फोटो होता, शाळेच्या फॉर्मसाठी काढलेला, एकुलता एक. नवरा गेल्यावर कपाशी निंदून-वेचून तिने लेकीला नववीपर्यंत शिकवलं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावविहिरीवर पाणी ओढताना पाय घसरून वैजू गेली. विहिरीला कठडा नव्हता.

तिसऱ्या दिवशी धुळ्याहून दैनिकाचा माणूस आला. पुण्याकडचा, नवा, मऊ बोलणारा. "नुसत्या विहिरीचं कोण वाचतं, मावशी? तुमचं सांगा."

तिने सांगितलं. पोरगी दोन हंडे एकदम घेऊन निघाली, दारातून वळून हसली. "मन्हा घरना बठ्ठा उजेड लई गई, भाऊ." पण 'बठ्ठा'च्या पुढे पदर तोंडात गेला. बठ्ठा म्हणजे सगळा, हे खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या माणसाने वहीत लिहून घेतलं आणि फोटो मागून नेला.

बातमी आली. शालिग्राम मास्तरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, पहिली ओळ गाळून. झुंबरबाईला ते कळलं नाही. आल्या-गेल्याला ती कात्रण दाखवायची, "देखा, मन्ही वैजू पेपरमा उनी." पाहुणे वाचायचे आणि चहा न घेताच उठायचे.

दिवाळीआधी विहिरीला कठडा झाला. त्यावर हंडा टेकवत शेजारची भिकुबाई म्हणाली, "तुन्ही पोरनी उडी मारी, तवय गावले कठडा भेटना, अक्का."

"उडी कोनी मारी? पाय सरकना तिना."

"तूच सांगं व्हतं त्याले. पोर घरले बट्टा लाई गई म्हने. पेपरमा शे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती धुळ्याला गेली. त्या माणसाने ओळखलं, खूशही झाला. "मावशी, त्या एका ओळीने कठडा झाला. नाहीतर कोण हललं असतं?"

"बठ्ठा म्हनी मी," ती लहान पोराला शिकवावं तसं म्हणाली. "बट्टा नही."

तिने पुढे केलेलं कात्रण त्याने पुन्हा वाचलं. "पुढचा शब्द ऐकू आला नाही मला," तो म्हणाला. "मीच जुळवला." त्याने तिला बसवलं, नेलेला फोटो परत द्यायला कपाटं उपसली. फोटो सापडला नाही.

खुलासा तीन ओळींचा आला, चौथ्या पानावर, कपाशीच्या भावाखाली. गावाने भाव वाचले.

कात्रणातली ती ओळ कापून टाकावी, तर अक्षरं वैजूच्या हनुवटीला चिकटून होती. झुंबरबाईने मास्तरांना तो शब्द बोटाने दाखवायला लावला आणि दिव्याची काजळी लावून बुजवून टाकला.

आता आलेला पाहुणा वैजूचं तोंड पाहत नाही. काळ्या डागावर बोट ठेवतो आणि विचारतो, इथे काय होतं.