दादाने ओळखलेला गरुड

परवा केनियाहून इथे परदेशातल्या आमच्या बेस्ट गावी परत आलो. सिंहांचे फोटो मागू नका... ही पोस्ट वेगळ्याच कारणासाठी लिहितोय.

बाबा गेल्या वर्षी कोविडने गेले, तेव्हा मला सोलापूरला खरंच जाता आलं नव्हतं. यंदा वर्षश्राद्धाच्या आधी दादाने विचारलं, "येतोयस ना?" मी म्हणालो, "ऑफिस परवानगी देत नाहीये रे."

साफ खोटं. ऑफिसला मी विचारलंही नव्हतं. मुलांच्या ऑटम सुट्टीत केनियातल्या एका अभयारण्याचं बुकिंग झालं होतं... आणि बाबांशिवायच्या त्या घरात पाऊल टाकायची मला भीती वाटत होती.

माळरानावर पक्षी बघायला आम्हा दोघांना बाबांनीच शिकवलं. पुढे तिघांची यादी एकाच ॲपवर आली. एकाने पक्षी नोंदवला की बाकीच्या दोघांना लगेच दिसायचा.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी आमच्या जीपपासून जवळच, एका बाभळीवर मोठा तपकिरी गरुड बसला होता. फोटो काढला, खाली 'टॉनी ईगल' लिहिलं, सेव्ह केलं. इतक्या वर्षांची सवय, डोकं चालवलंच नाही... लॉजवर वायफाय मिळालं आणि नोंद फोटोसकट, ठिकाणासकट दादाकडे पोचली.

दुपारी जेवताना त्याचा मेसेज आला. नाव बघूनच मी हातातला घास खाली ठेवला. बायको म्हणाली, "आता तरी खरं सांगून टाक."

मेसेज एवढाच होता. "टॉनी नाही. चोचीची पिवळी कड डोळ्याच्या मागेपर्यंत गेलीय बघ. स्टेप ईगल आहे, आपल्याकडेही येतो."

बस्स. केनियात कसा, कधी गेलास, काही नाही. तिकडे तेव्हा पिंडदान उरकून नुकती पानं उठली असतील... आणि हा माणूस माझा फोटो मोठा करून गरुडाची चोच बघत होता.

परत आल्यावर फोन केला. तो इथल्या थंडीचं विचारत राहिला, मुलांचं विचारत राहिला. मीही सगळ्याची नीट उत्तरं दिली, माफी मागायची तेवढी राहिली.

दादा, हे तू वाचशीलच. नोंद दुरुस्त केली, थँक्यू. मी खोटं बोललो... आता एकदा फोन करून सणसणीत शिवी हासड रे. तुझं हे न विचारणं मला सोसवत नाहीये.