लॅपटॉपची खोळ

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. मी फारसा बोलणारा माणूस नाही, आणि हा गाढवपणा तर मी घरातसुद्धा अजून नीट सांगितलेला नाही.

राजारामपुरीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला आहे. काम काय? बांबूवर चढायचं आणि फ्लेक्स बांधायचे. वाढदिवस असो की श्रद्धांजली, फोटोतली माणसं हसत असतात आणि मी त्यांना तारेनं आवळत असतो. नववीत शाळा सुटली, त्यामुळे खुर्चीतलं काम आपलं नव्हे, हे मी धरूनच चाललो होतो. पण मोबाईलवर बघून बघून डिझाइन शिकलो. एक दिवस धीर करून मालकांना दाखवलं.

मालक म्हणाले, "लॅपटॉप घे. दुकानाच्या नव्या बोर्डाचं डिझाइन करून रविवारी आण. जमलं तर आतल्या खुर्चीत बस."

आतली खुर्ची! डोक्यावर पंखा, पायाखाली फरशी! घेतला लॅपटॉप.

आता आमच्या आईची गंमत ऐका. नवी वस्तू उघडी दिसली की तिला चैन पडत नाही. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, गॅसच्या टाकीलासुद्धा झालरीची खोळ. लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि लगेच टेप घेऊन मापं काढली. मखमलीची खोळ शिवली. खालून आणि चारी बाजूंनी घट्ट, वर पडदा आणि टायपिंगची बटणं तेवढी मोकळी. चार्जरला काजं करून भोक. कडेनं गुलाबी झालर!

आणि लॅपटॉप तापायला लागला. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. फोटो जरा सरकवला की पडद्यावर नुसतं गोल फिरत राहायचं, मी हात जोडून बसायचो, मग सगळं बंद.

"आई, मांडी भाजतीय."

"भाजंल न्हाय तर काय! खोळ पातळ झालीया. आण हिकडं."

तिनं आतून कापूस भरला. मांडीला बरं वाटलं. लॅपटॉप आणखी तापला. मग मीच म्हणालो, "आई, अजून जरा कापूस घाल की." हो, मीच!

शेवटी जिथून घेतला त्या दुकानात गेलो. पण गुलाबी झालर चारचौघांत कशी दाखवायची? बाहेरच खोळ काढून पिशवीत कोंबली. आणि तिथं लॅपटॉप एकदम गार!

"भावा, मस्त चाललाय की!" दुकानदार म्हणाला.

मान खाली घालून परत आलो. घरी खोळ चढवली, पुन्हा शेगडी. पुन्हा गेलो, पुन्हा गार. दुकानदार म्हणाला, "घरातल्या लाईटीचं बघ बाबा." मला रडूच यायचं बाकी होतं.

शनिवारी कागलहून मामा आले. डिझाइन अर्धवट, मी भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"आरं, तू बोलत न्हाईस म्हणून लोक टोप्या घालत्यात! चल, मी बघतो त्याच्याकडं." असं म्हणून त्यांनी चालू लॅपटॉप खोळीसकट उचलला आणि मला गाडीवर बसवलं.

दुकानात शिरतानाच मामा गरजले, "ओ पावणं! लॅपटॉप इकलाय का चूल? हात लावा की, लावा हात!"

दुकानदारानं हात लावला आणि झटकन मागं घेतला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा चारचौघांत ओरडलो, "बघा! बघा आता!" गिऱ्हाइकं गोळा झाली.

दुकानदारानं लॅपटॉप उलटा केला. खोळ बोटानं दाबली. बोट आत गेलं.

"ह्ये काय हाय?"

"खोळ."

"आणि आत?"

"कापूस."

"भावा, ह्याच्या पोटाला जाळी असती. गरम हवा तिथनं भाईर पडती. तू तर ह्याला गादीत गुंडाळून मारायलाच निघालायस!"

खोळ निघाली, जरा वेळानं घरघर थांबली, आणि दुकान हसण्यानं भरलं. मामा म्हणाले, "गाडी आडवी लावलीया वाटतं, बघून येतो." ते आलेच नाहीत. मी चालत घरी गेलो.

रात्रीत कितीसं होणार? रविवारी अर्धंमुर्धं डिझाइन घेऊन गेलो.

"लॅपटॉप तापत हुता, मालक."

"नवा लॅपटॉप? कशानं?"

आता काय सांगणार, आईच्या मखमलीनं? मालकांना वाटलं, थापा मारतोय. खुर्ची दुसऱ्याला गेली. त्यानं केलेला बोर्ड मीच वर चढून बांधला.

आईला म्हणालो, खोळ मळंल, राहू दे. तिनं ती कापून मापाची केली आणि माझ्या जेवणाच्या डब्याला चढवली. परवा बांबूखाली डबा उघडला, तर भाकरीतून वाफ! मालक येऊन बघतच राहिले.

"आयला, अजून गरम? कुणी शिवलीया रं ही?"

"आईनं."

"माझ्या डब्यालाबी एक करायला सांग. झालरीसकट!"

म्हणजे बघा, आमच्या घरातलं एक डिझाइन मालकांनी पास केलंच. फक्त ते माझं नव्हतं.